पेटती फुली

आधीच सांगून टाकतो, पटेलमामांकडे रायफल नाही. आजोबांची एक बारा बोअरची दुनाळी होती. कुठल्याशा निवडणुकीच्या वेळी ती रीतसर ठाण्यात जमा झाली, मग मामांचं लायसन रिन्यू करायचं राहून गेलं, आणि दुनाळी तिथेच राहिली. तरीही गेली तीन वर्षं मामा रायफलीवर बसवायची दुर्बीण निवडताहेत. तीसुद्धा साधीसुधी नाही. जिच्यातली फुली अंधारात लालभडक पेटते, ती.

उटनूरच्या बसस्टँडसमोर चहा प्यायला बसलात तर मामा भेटतीलच. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, खिशात वही. या वहीत कापसाचा हिशेब मागच्या पानापासून सुरू होतो, कारण पुढची पानं दुर्बिणींनी व्यापली आहेत. चार माणसं जमली की मामा चहाच्या ग्लासावर दोन काड्या आडव्या-उभ्या ठेवतात आणि विचारतात, "बोला, फर्स्ट फोकल प्लेन की सेकंड?" नव्या गिऱ्हाईकाला वाटतं, विमानाचं तिकीट काढायचंय.

मग मामाच समजावतात. फर्स्ट म्हणजे झूम केलं की डुकराबरोबर फुलीही वाढते. सेकंड म्हणजे डुक्कर वाढतं, फुली आहे तेवढीच राहते. यावर त्यांचा सालगडी भीमू एकदा म्हणाला, "काहून वाढवता मालक? आहे तेच डुक्कर लय झालं."

भीमूचं खोटं नाही. मका भरात आला की रानडुकरं कळपाने येतात आणि एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातात. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद. पीक खाणारं डुक्करसुद्धा आपण होऊन मारता येत नाही, त्याला परवानगी लागते आणि नेमबाजही मान्यतेचा लागतो. शिवाय २०१२ पासून शेजारचं कवालचं जंगल व्याघ्र प्रकल्प झालेलं. हे सगळं मामांना तोंडपाठ आहे. "कायदा कायद्याच्या जागी," ते म्हणतात, "निवड तर करून ठेवू?"

२०१८ च्या नोव्हेंबरात इथून लांब नसलेल्या पांढरकवड्याच्या बाजूला अवनी वाघीण रात्री गोळीने मारली गेली. ती नरभक्षक होती की नव्हती, मारायला हवी होती की पकडायला, यावरून अख्खा महाराष्ट्र भांडत होता. मामांनी एकच प्रश्न विचारला, "फुली पेटती होती का?"

खरं तर त्यांचा अभ्यास कच्चा नाही. काळ्या डुकराच्या अंगावर काळी फुली तिन्हीसांजेला दिसत नाही, म्हणून ती पेटती हवी. लाल अशासाठी, की अंधाराला सरावलेला डोळा लाल उजेडाने कमी बिघडतो. उजेड मंद हवा, नाहीतर बाहुली आकसते आणि डुक्कर गायब. पुढचं भिंग छप्पन्न मिलिमीटरचं आणि आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण असेल, तर छप्पन्न भागिले आठ, म्हणजे सात मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात उतरतो. हा भागाकार मामांनी वर्षभर मिरवला. मग कुणीतरी सांगितलं की साठी उलटलेल्या माणसाची बाहुली अंधारातही साधारण पाचापर्यंतच उघडते, वरचे दोन मिलिमीटर वाया. मामा दोन दिवस स्टँडवर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते वहीतली छप्पन्नची पानं फाडूनच.

या सगळ्या व्यवहारात प्रत्यक्ष खरेदी एकच झाली. फुलीला लागणारा बटणसेल, सीआर २०३२. दुकानदाराने ठोकून दिलं, "मामा, २०३२ पर्यंत बघायला नको." मामांनी त्याला तिथेच उभा करून शिकवलं की वीस म्हणजे रुंदी आणि बत्तीस म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. पुढे तो सेल घरातल्या वजनकाट्यात गेला. अजून चालतो.

मागच्या मक्याला अखेर परवानगी मिळाली आणि हैदराबादहून एक नेमबाज आला. मामांनी त्याला पाणी विचारायच्या आत मॅग्निफिकेशन विचारलं. माणूस सज्जन. रायफल बाजूला ठेवून त्याने पिशवीतली जादा दुर्बीण काढली आणि शेतातल्या माळ्यावर मामांच्या हातात दिली. दिवस मावळलेला, मक्याचे तुरे नुसते काळे रेघोटे झालेले. मामांनी उपरणं सावरलं, एक डोळा मिटला आणि बटण फिरवलं ते थेट शेवटच्या आकड्यावर.

"शेत कुठं गेलं?"

"उजेड कमी करा, मामा."

मामांनी खटखट करत तो पार दोनवर आणला. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली भीमूची बिडी विझून गेली.

"ही फुली नाही," मामा शेवटी म्हणाले. "फुलबाजी आहे."

त्यांना मधल्या ठिपक्याच्या जागी ठिणग्या उडताना दिसत होत्या. नेमबाज म्हणाला, दुर्बीण हातातल्या हातात गोल फिरवा. ठिणग्या तिच्याबरोबर फिरल्या तर दोष भिंगाचा, जागच्या जागी राहिल्या तर डोळ्याचा. मामांनी फिरवली. उलटी फिरवली. मग कुणी न सांगता डोळा बदलून फिरवली. ठिणग्या तसूभर हलल्या नाहीत.

नेमबाज दोन रात्री बसला, डुकरं काही आली नाहीत. भीमूने न्हाव्याकडून पोतंभर केस आणून बांधावर पसरले होते. डुक्कर नाक जमिनीला लावून चालतं, केस नाकात गेले की मागे फिरतं. हा उपाय मामांनी तीन वर्षं अशास्त्रीय म्हणून अडवून धरला होता.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला आणि लेन्स कोणती बसवायची ते विचारलं. तिथेच घोटाळा झाला. वहीत आता नवा भाग सुरू आहे, मोनोफोकल की मल्टिफोकल. मल्टिफोकलने जवळचं-लांबचं दोन्ही दिसतं, पण रात्री दिव्याभोवती कडी दिसू शकतात. मोनोफोकलने लांबचं स्वच्छ, वाचायला मात्र चष्मा. ऑपरेशन दसऱ्याला ठरलं होतं, मग दिवाळीनंतर, आता नागोबाची जत्रा होऊ दे म्हणतात.

तेव्हा तुमचा नुकताच मोतीबिंदू निघाला असेल आणि उटनूरला येणं झालं, तर एवढं करा. स्टँडसमोर बिनचष्म्याचं वर्तमानपत्र वाचू नका. तुमची शेवटची बस जाईल.