उंचीचा जमाखर्च

गुलमर्गला स्कीइंगला जावं का, असं कोणी विचारलं की मी आधी त्याच्या गुडघ्यांची चौकशी करतो.

जमेच्या बाजूला बर्फ. गावच सुमारे २६५० मीटरवर; आपलं कळसूबाई (१६४६) तिथून हजार मीटर खाली राहतं. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवतच्या खांद्यावर, साधारण ३९५० मीटरवर. तिथला बर्फ कोरडा, भुसभुशीत. मूठ आवळली तर गोळा होत नाही, पिठीसाखरेसारखा बोटांतून निसटतो. त्यात पडलं तरी फारसं लागत नाही, आणि आपण पडतोच. पंचाईत उठताना होते. आधाराला काठी टेकवावी, तर ती मुठीपर्यंत आत जाते आणि मागोमाग आपणही.

खर्चाच्या बाजूलाही उंचीच. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठेक टक्के. स्कीच्या बुटाला चार खटके; पहिला लावायला वाकलं की धाप, दुसऱ्याला छातीत धडधड, तिसऱ्यापाशी बायकोमुलांची आठवण. चौथा शिकवणारा पोरगाच लावतो आणि वर म्हणतो, "घुटने मोडो, साब." ते आता सरळच होत नसतात, हे त्याला कोण सांगणार? शेजारून फिरन घातलेला स्लेजवाला एका जाडजूड पर्यटकाला चढावर ओढत, गप्पा मारत निघून जातो. त्याचा दम मला अजून कळलेला नाही.

शिवाय वारा सुटला की वरचा टप्पा बंद. गस्तीच्या हद्दीबाहेर गेलात तर हिमकडा कोसळण्याची जोखीम तुमची. आणि इतक्या उंचीवर बर्फ हमखास, असंही नाही : २०२४ च्या जानेवारीत पंधरवडा उलटला तरी गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं. पर्यटक उतारावरच्या वाळक्या गवताचे फोटो काढत होते.

तरी माझा कौल जाण्याच्या बाजूनेच. फेब्रुवारी गाठावा, सुरुवातीला खालच्या सौम्य उतारांवर मुलांच्या रांगेत निमूट उभं राहावं, श्वास रुळला की वर जावं.

आमच्या हिचा हिशेब वेगळा आहे. "गोंडोलाने वर जायचं, फोटो काढायचा, गोंडोलानेच खाली यायचं. मध्ये त्या फळ्या कशाला?"