तीन शिट्ट्यांचा अभ्यास

सदाशिव पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगची तीन मुलं राहतात. एरवी ती घरात आहेत की नाहीत हे जिन्यातल्या चपलांवरून कळतं; परीक्षेआधीची पीएल, म्हणजे अभ्यासाची सुट्टी, लागली की वासावरून. अंघोळ केली तर वाचलेलं धुऊन जातं असा त्यांचा काहीतरी समज असावा. परवा त्यातला परभणीकर जिन्यात भेटला. डोळे लाल, हातात एमथ्रीच्या, म्हणजे गणिताच्या, झेरॉक्सचा गठ्ठा, कानाला फोन. पलीकडून आई म्हणत होती, "काळजी घे रे." हा म्हणत होता, "तू काळजी करू नको गं." मराठीत काळजी घेताही येते आणि करताही येते. आमच्या वरच्या मजल्यावर फक्त करतात.

कॉलेजने यावर उपाय म्हणून ताणतणावाची कार्यशाळा ठेवली. सोमवारी सबमिशन, तर ही शनिवारी सकाळी आठला, आणि हजेरी सक्तीची. "दीर्घ श्वास घ्यायला लावला काका," परभणीकर सांगत होता, "तो सोडेपर्यंत सहीचा कागद पुढच्या बाकावर!" तिथून त्याने दोन गोष्टी मात्र कामाच्या आणल्या. एक म्हणजे टेली-मानसचा 14416 हा नंबर. सरकारने 2022 मध्ये सुरू केलेली ही मोफत सेवा. चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येतं. आमच्या हिने तो फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी चिकटवला. त्यावर कोणी काही बोललं नाही. पण थंड पाण्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून तो जातो.

दुसरी गोष्ट पोमोडोरो. इटालियनमध्ये याचा अर्थ टोमॅटो. 1980च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ पुढ्यात ठेवलं. त्यातून पद्धत निघाली ती अशी, की पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं विश्रांती. आमच्या मुलांनी गजर फोनवर लावला. फोन हातात आला की पाच मिनिटांची विश्रांती पाऊण तास चाले. शेवटी ही म्हणाली, "माझा कुकर आहे की!" तेव्हापासून संध्याकाळी तीन शिट्ट्या होईपर्यंत अभ्यास, मग पुस्तकं मिटून खाली वरणभाताला. इटलीचा टोमॅटो अखेर आमच्या आमटीत पडला.

रात्रीच्या कॉफीवर मात्र माझं भाषण झालं. मी निवृत्त बँकवाला, मला हिशेबातच बोलता येतं. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे अकराच्या कॉफीतलं अर्धं पहाटे चारलाही खात्यावर शिल्लक. शिवाय दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोप लागते. रात्रभर जागायचं म्हणजे भरणा घेऊन यायचं आणि काउंटर आपणच बंद करायचं.

"काका, तुम्ही कधी नाइट मारली नाही?"

मारली होती. 1978 साली, बी.कॉम.ला. सकाळी उत्तरपत्रिकेवर सीट नंबराच्या जागी मी घरचा पत्ता लिहिला होता. हे त्यांना सांगितलं नाही.

रविवारी तिघांना पर्वतीवर नेलं. पायऱ्या 103. तीन वर्षं पुण्यात राहून पहिल्यांदाच चढत होते. पन्नासाव्या पायरीपर्यंत व्हायवाचे प्रश्न चालले होते, पुढे दम लागला आणि विषय आपोआप संपला. वर पोचल्यावर एकजण बराच वेळ शहर न्याहाळून म्हणाला, "इथून आपलं कॉलेज दिसत नाही रे." त्या आनंदात तिघं अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

काल तीन शिट्ट्या झाल्या; दोघं आले, परभणीकर नाही. वर जाऊन पाहिलं तर एमथ्री छातीवर पालथं घालून गाढ झोपलेला, उशाशी फोन थरथरतोय. आईचा होता. उचलला.

"काका, अभ्यास करतोय ना तो?"

"झोपलाय."

पलीकडे शांतता. मी कॅफिनचा हिशेब पुन्हा जुळवायला घेतला.

"पंखा लावलाय का त्याने?" त्यांनी हळूच विचारलं.