लिनक्सवाले काका

प्रत्येक सोसायटीत दोन काका असतातच. एकांकडे गच्चीच्या टाकीची चावी असते आणि दुसरे लिनक्सवाले असतात. पहिल्यांना लोक शोधत फिरतात. दुसरे लोकांना शोधत फिरतात. ‘लॅपटॉप फार हळू झालाय हो’ असं तुम्ही लिफ्टमध्ये सहज बोललात की संपलं. संध्याकाळी काका पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभे.

लिनक्स बसतं झटपट, यात वाद नाही. पडदा उजळतो, सगळं जागच्या जागी असतं, फक्त वायफायचा पत्ता नसतो. इथे एरवीचा माणूस खचतो. काकांच्या चेहऱ्यावर मात्र तेज चढतं. काळी खिडकी उघडून ते ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ठोकतात आणि वायफाय चिपचं गोत्र, म्हणजे कंपनीचा क्रमांक, विचारतात. ८०८६ आलं तर इंटेल. काका जरा हिरमुसतात, कारण ते बहुधा निमूट चालतं. १०ईसी म्हणजे रिअलटेक, बघू. पण १४ई४ दिसलं की खुर्ची पुढे ओढली जाते. “ब्रॉडकॉम!”

मग इतिहास. चिपची माहिती बाहेर मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांच्या एका गटाने तयार ड्रायव्हर उसवून चिप कशी वागते ते लिहून काढलं. दुसऱ्या गटाने नुसतं ते टिपण वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. मूळचा त्यांनी बघायचाही नाही, म्हणजे उद्या कुणी नकलेचा आळ घ्यायला नको. २००६ साली तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आला. २०१० च्या सप्टेंबरात कंपनीनेच नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला, इथे काकांचा गळा दाटतो. लॅपटॉपचा मालक एव्हाना जेवून, हात धुऊन परत आलेला असतो.

आणि नुसत्या ड्रायव्हरने भागत नाही. चिपमध्ये दर वेळी फर्मवेअर भरावं लागतं. जुन्या ब्रॉडकॉमचं ते वाटायची परवानगी नाही, म्हणून डेबियन या लिनक्सच्या प्रकारातलं पॅकेज ते इंटरनेटवरून उतरवून घेतं. म्हणजे इंटरनेट सुरू व्हायला आधी इंटरनेट हवं. यावर मालक हसला तर काकांना लागतं.

शेवटी मालकाची मुलगी फोन केबलने जोडते आणि इंटरनेट क्षणात सुरू. “झालं की!” घरात आनंद. काका फर्मवेअर तेवढं उतरवतात आणि केबल ताबडतोब उपटतात. उसन्या इंटरनेटवर त्यांचा जीव रमत नाही. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या वायफाय डोंगलचं तर नावच काढू नये. ज्यांनी काढलं त्यांच्याशी काका आजही फक्त मेंटेनन्सपुरतं बोलतात.

२०२३ च्या डेबियन १२ पासून बरंचसं फर्मवेअर बसवतानाच सोबत येतं. काका सोयीला नावं ठेवत नाहीत, पण “आयतं मिळालं की कळत नाही” एवढं पुटपुटतात.

त्यांना खरं ओळखून आहेत त्या काकू. कर्नल अपडेट झाला आणि घरच्या लॅपटॉपचं वायफाय गेलं की काका मध्यरात्रीपर्यंत जागे.

“अहो, माझ्या फोनवर तर येतंय.”

“फोनवर येणारच गं. मी लिनक्सवर आणतोय.”

“अँड्रॉइडच्या आत लिनक्सच असतं ना? परवा माझ्या भावाला जेवू न देता तुम्हीच सांगत होतात.”

“कर्नल तेवढा,” काका म्हणतात आणि पुन्हा काळ्या खिडकीत शिरतात.