सामी सुताराचं दार

लोणावळ्यात चिक्कीची दहा दुकानं शेजारी शेजारी असली, तर दहाही 'ओरिजिनल' असतात. मुंबईच्या पाहुण्यांना याचं हसू येतं. आम्हा मावळकरांना येत नाही, कारण ही चाल इथं फार जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात ब्राह्मी लेख आहे : वैजयंतीच्या भूतपाल शेठजींनी हे शैलगृह पुरं केलं आणि ते अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम आहे. स्वतःच्या मालाबद्दल इतका निःशंक माणूस त्यानंतर थेट चिक्कीच्या गल्ल्यावरच दिसतो.

तिथंच दुसरा एक लेख आहे. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, त्यानं दर्शनी दार केलं. संपलं. उत्तम नाही, ओरिजिनल नाही. नाव, बापाचं नाव, गाव. तक्रार असेल तर घरी या!

वर छताला लाकडी फासळ्या आहेत, मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांच्या. गंमत म्हणजे त्या काहीच तोलत नाहीत. छत डोंगराचं आहे. फासळ्या काढल्या तरी ते हलणार नाही. ज्यावर कुणाचंच काही अडत नाही असं काम आमच्या कचेरीतही भरपूर असे, पण त्याला दोन पावसाळेसुद्धा झेपत नसत.

या लेण्याशेजारच्याच एकवीरेच्या दर्शनाला निघालो तेव्हा आमच्या कपाटाचं काम करणाऱ्या मिस्त्रींना मी मुद्दाम बरोबर घेतलं. लेखांपाशी ते रेंगाळले नाहीत. सरळ स्तूपामागं गेले आणि तिथून मला हाक मारली. दोन्ही बाजूंच्या खांबांना खाली घट, वर हत्ती आणि स्वार. मागचे सात मात्र नुसते अष्टकोनी.

"बघा काका! मागं कोण बघतंय म्हणून यांनी पण हात आखडलाच की!"

"नक्षी नाही मिस्त्री, पण खांब दगडाचाच आहे. तुम्ही माझ्या कपाटाला मागून पुठ्ठा मारलाय."

"भिंतीकडंच राहणार ना ते? चालून जातंय."

परतल्यावर मी म्हटलं, "तुम्हीही कपाटावर नाव घाला. सामीसारखं. नाव, वडिलांचं नाव, गाव."

मिस्त्री खूष झाले. कानावरची पेन्सिल काढली, स्वतःचं नाव झोकात लिहिलं आणि थांबले. कपाटाचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"वडलांचं घालायलाच पायजे का, काका?"

"का हो?"

"म्हातारं अजून खमकं आहे. जन्मभर सुतारकी केलीय त्यानं. कुणी सांगितलं तर कामशेतवरून बघायला येईल. आणि आला की आधी मागनंच बघतो."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून प्लायवूड उतरलं, चांगलं जाड. बिलावर नाव मात्र माझं होतं.