घुगऱ्या कोण शिजवणार?

आमच्या आणि पलीकडच्या वहिनींच्या घरांमधली कंपाउंडची भिंत कमरेइतकीच आहे. बांधताना गवंडी म्हणाला होता, ‘बाई, अजून दोन थर चढवू का?’ तेव्हा पैसे संपले होते म्हणून राहिलं. आता पैसे आहेत, पण भिंत वाढवायचा विषय काढायची घरात कुणाची छाती नाही. गेली 27 वर्षं त्या भिंतीवरून विरजण, कढीपत्ता, गॅसचं पुस्तक आणि अख्ख्या कॉलनीची खबरबात इकडची तिकडे होते. नाशिकच्या इंदिरानगरात काय चाललंय ते आम्हाला पेपर यायच्या आधी कळतं.

परवा वहिनी कढीपत्त्याला आल्या, त्या हातात पत्रिका नाचवतच.

“बघितलीत का ताई? कोपऱ्यावरच्यांच्या नातवाचं बारसं. लॉन्सवर!”

“आम्हालाही आलीय. चणा चाटचा काउंटर आहे म्हणे.”

“म्हणजे घुगऱ्याच ना हो?”

“घुगऱ्याच. फक्त उभ्यानं खायच्या.”

वहिनी पोटभर हसल्या. मग आवाज खाली आला. आमच्याकडे आवाज खाली आला की समजायचं, आता खरी बातमी. “आजोबांनी म्हणे एफडी मोडली. डोहाळजेवण नावेतलं झालं, त्याचा फोटोवाला वेगळा. बारशाला ड्रोन. पोर अजून मान धरत नाही आणि त्याच्यावर वरून कॅमेरा फिरणार!”

मला माझ्या मुलाचं बारसं आठवलं. तेव्हा आम्ही पंचवटीतल्या वाड्यात राहायचो. सासूबाईंनी आदल्या रात्री हरभरे भिजत घातले, सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवले, वर खोबरं. पाळणा तर आमचा नव्हताच. समोरच्या खोलीतल्या जोशीणबाईंचा, वाड्यातल्या अकरा पोरांनी वापरलेला. त्याची एक कडी कुरकुरायची. पुढे पाळणा परत गेला तरी ती कुरकुर ऐकल्याशिवाय मुलगा झोपायचा नाही.

आठवणीच्या भरात मी बोलून गेले, “आणि तुमच्याकडे? गोड बातमी कधी?”

वहिनींनी कढीपत्त्याची काडी मोडली. “विचारलं मी. दिवाळीला आले होते दोघं तेव्हा. लग्नाला चार वर्षं झाली ताई, विचारू नये का? मला वाटलं सूनबाई चिडेल. चिडली नाही हो. लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, आई, बसा इथं.”

“लॅपटॉपचा काय संबंध?”

“एक्सेल! मुलाची एक्सेल केलीय त्यांनी. वर नाव घातलंय ‘बाळ’. खाली ओळीच ओळी.”

वहिनी आत जाऊन कालनिर्णयचं एक पान घेऊन आल्या. मागच्या बाजूला त्यांनी तो हिशेब उतरवून घेतला होता. वरच्या कोपऱ्यात दुधाचे खाडे, खाली नातवाचं अंदाजपत्रक. बाळंतपण 1,50,000. पाळणाघर महिना 14,000. डायपर महिना 2,500. प्लेग्रुप वर्षाला 80,000. शाळा, बस, लसी, विमा. या सगळ्याच्या डोक्यावर पुण्यातल्या वाकडच्या फ्लॅटचा हप्ता 48,000. सगळ्यात शेवटी ‘इतर’.

“ताई,” वहिनी त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “आपली पोरं या ‘इतर’मध्येच वाढली हो!”

तेवढ्यात दुधाची पिशवी घेऊन समोरचे अण्णा आले. अण्णा आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. उमेदीच्या काळात गावोगावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. लोकसंख्येचा विषय निघाला आणि अण्णा पुढे गेले, असं कधी झालेलं नाही. पिशवी त्यांनी भिंतीवर ठेवली. म्हणजे किमान वीस मिनिटं.

“परवडत नाही असं म्हणतायत ना? खरं आहे ते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं 2025 साली अहवाल काढला. हवी तेवढी मुलं का होत नाहीत, असं विचारल्यावर आपल्याकडच्या 38 टक्के लोकांनी पैशाचं कारण सांगितलं. आणि आपला महाराष्ट्र बघा. 1992-93च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती. 2019-21च्या पाहणीत 1.7. आईबापांची जागा भरून निघायला 2.1 लागतात. दोन दोघांच्या बदली, आणि वरचं ते पॉइंट एक मध्येच दगावणाऱ्यांसाठी. गोव्यात तर 1.3 आहे.”

“म्हणजे तुमच्या त्रिकोणानंच घात केला म्हणा,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, तेव्हा लोक आम्हाला गावात शिरू देत नव्हते! आणि आमच्याही आधी र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. लोकांनी काय कमी छळलं त्यांना? प्राध्यापकी गेली, खटले झाले. स्वतः मूल होऊ दिलं नाही, म्हणून त्यावरूनही बोलणी खाल्ली. आज त्यांचं म्हणणं प्रत्येक फ्लॅटमध्ये चालतंय, आणि आता आपण पोरांना बोल लावतोय की मुलं का होऊ देत नाही! आंध्रात तर 2024 साली, दोनपेक्षा जास्त मुलं असली तर स्थानिक निवडणूक लढवता येणार नाही, हा नियमच काढून टाकला. आपल्याकडे तो अजून आहे.”

“सरकार काही देत नाही का हो मुलासाठी?” वहिनींनी विचारलं.

“देतं की. 2025च्या सप्टेंबरात डायपरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आणला.” अण्णा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

इथं मला राहवेना. मी 31 वर्षं कचेरीत पगारपत्रकं केली. “अण्णा, डायपरचं कौतुक सांगू नका. मुलांचा शिक्षण भत्ता माहितीय? माझ्या नोकरीत एका मुलामागे महिन्याला 100 रुपये करमाफ असायचे. दोन मुलांपर्यंतच. मी 2023 साली निवृत्त झाले तोवर तो आकडा मी दर वर्षी भरत होते. शंभराच्या वर एक रुपया गेला नाही. 100 रुपयांत आज दोन वह्या येतात, तिसरीला पैसे पुरत नाहीत.”

अंगण झाडणाऱ्या मावशींचा झाडू मघापासून एकाच फरशीवर फिरत होता. आता थांबलाच.

“ताई, तुम्ही मोठी माणसं, तुमचं काय बी असंल,” त्या म्हणाल्या. “मला दोन हायेत. सासू म्हणायची, तिसरं होऊ दे. मी म्हनलं, भाकर परवडती, फी नाय परवडत. थोरल्याचा नंबर लागला गरिबांच्या त्या राखीव 25 टक्क्यांत, इंग्लिश शाळेत. धाकटीचा दोन वर्षं फॉर्म भरला, लॉटरीत नावच नाय आलं. एक भाऊ टाय लावून जातो, एक बहीण महापालिकेच्या शाळेत. ती रोज त्याच्या टायकडं बघती. तिसरं आणून त्याला कुठं बसवू?”

कुणीच काही बोललं नाही. मावशींनी पदरानं कपाळ पुसलं आणि झाडू पुढच्या फरशीवर गेला. शिक्षण हक्काचा कायदा 2009चा, तेव्हापासून आम्ही त्यावर वाचतोय, बोलतोय. पण तो टाय आमच्यापैकी कुणाला दिसला नव्हता.

अण्णांनी मग कोरियाचं काढलं. दक्षिण कोरियात सरकार मुलामागे रोख पैसे देतं, तरी 2023 साली तिथला आकडा 0.72 वर आला. त्या वर्षी जगातल्या देशांत सगळ्यात खाली. “पैसे टाकून मुलं होत असती तर तिथं पाळणे कमी पडले असते,” म्हणाले. “पण कामावरून रात्री नऊला घरी येणाऱ्यांनी मूल वाढवायचं कधी?”

“हेच! हेच सून म्हणाली,” वहिनी एकदम म्हणाल्या. “पैशाचं जमवू म्हणाली आई. बाळंतपणाची 26 आठवडे पगारी रजा आहे, कायदाच आहे 2017 पासून. पण सत्ताविसाव्या आठवड्यात काय? 50 माणसं असली की पाळणाघर ठेवायचं असंही त्याच कायद्यात आहे. हिच्या ऑफिसातल्या पाळणाघराच्या खोलीत जुने प्रिंटर ठेवलेत. आणि मुलाखतीला गेली तर विचारतात, लग्न झालंय का, पुढचं प्लॅनिंग काय. आता यावर काय सांगायचं तिनं?”

अण्णांचं दूध तापायला हवं होतं. ते गेले. मावशी भांड्यांकडे वळल्या. वहिनी मात्र तशाच उभ्या. कालनिर्णयच्या पानाची त्यांनी घडी केली, परत उलगडली.

“ताई, एक ओळ तुम्हाला दाखवली नाही.”

पाळणाघराच्या खाली, शिसपेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आई येतील?’ समोर आकड्याची जागा रिकामी.

“सूनबाईच्या एक्सेलमध्ये ही ओळ होती?”

“होती. मी विचारलं, इथं आकडा का नाही? म्हणाली, आई, तुम्ही याल की नाही माहीत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह घातलंय. तुम्ही आलात तर पाळणाघराचे 14,000 वजा. मी गप्पच बसले. कारण ताई, खरं सांगू? माझं मे महिन्याचं चारधामचं बुकिंग झालंय. भिशी आहे, भजनीमंडळ आहे. गुडघे आहेत. वाकडला आठव्या मजल्यावर जाऊन बसायचं, खाली ओळखीचं चिटपाखरू नाही. आणि मी त्या पोरीला विचारत होते, गोड बातमी कधी!”

आता मी तरी त्यांना काय सांगणार? माझी 31 वर्षांची नोकरी झाली, ती माझ्या हुशारीनं झाली असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे ती सासूबाईंमुळे झाली. सकाळी सव्वानऊला मी घर सोडायची आणि संध्याकाळी सात वाजता यायची. मधल्या वेळात दोन पोरांचं न्हाऊ-माखू, ताप, शाळा, शेंबूड, सगळं त्यांनी केलं. त्या दमल्या की जोशीणबाई होत्या. त्यांनाही जमेना तर वाड्यातल्या कुठल्याही ओट्यावर पोर बसवलं की त्याच्या ताटात कुणीतरी वाढायचं. सासूबाईंचं चारधाम राहिलं ते राहिलंच. मरायच्या आदल्या वर्षी एकदा म्हणाल्या होत्या, ‘केदारनाथ काय, टीव्हीवर दिसतो.’ त्यांना जायचंच नव्हतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

आम्ही म्हणतो, आमच्या वेळी मुलं परवडायची. कुठं परवडत होती? तेव्हाही महागच होती. फक्त त्याचं बिल घरातल्या कुठल्या ना कुठल्या बाईच्या नावावर फाटायचं आणि ती ते कुणाला दाखवायची नाही. आताच्या मुली शिकल्या, त्यांनी ते बिल बाहेर काढून एक्सेलमध्ये मांडलं, एवढाच फरक. मांडल्यावर आपण म्हणतो, बघा, पोरांना हिशेब सुचतात!

वहिनींना मी एवढंच म्हटलं, “चारधाम करून या. ते सोडू नका. आल्यावर ठरवा.”

काल नळाला पाणी आलं तेव्हा वहिनी स्वतःहून भिंतीशी आल्या. रात्री फोन केला होता म्हणे. “म्हटलं, सूनबाई, त्या ओळीत लिही: सहा महिने मी, सहा महिने तुझी आई. पगार नको, पण रविवारची सुट्टी हवी. आणि रविवारी तुझ्या नवऱ्यानं सांभाळायचं. त्याच्या नावाची ओळ कुठंच नाही तुझ्या त्या एक्सेलात, ती आधी घाल.”

“मग? काय म्हणाली?”

“हसली. बघू म्हणाली. गोड बातमीचं मी विचारलं नाही हो, शप्पथ!”

आता नाही झालं मूल, तर तोही त्यांचा निर्णय. कर्व्यांनाही आपण तेव्हा तेवढं म्हणू दिलं नाही, निदान यांना म्हणू द्यावं. पण ज्यांना हवंय आणि हात कमी पडतायत म्हणून थांबलेत, त्यांच्या घरी जाऊन ‘कधी?’ विचारायची सवय तुम्हाआम्हाला सोडवत नसेल, तर आधी त्यांच्या हिशेबात आपल्या नावापुढचं प्रश्नचिन्ह खोडायची तयारी आहे का ते पाहावं. तयारी असेल तर हरभरे भिजत घालावेत. नसेल तर लॉन्सवर जावं, चणा चाट खावी, पाकीट द्यावं आणि गप्प घरी यावं.