स्वस्ततम भाड्याच्या मुखत्यारांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री हवाई-भाडे-तुलना संकेतस्थळ महाशय यांचे सेवेसी,

कृ. सा. न. वि. वि.

आपले वास्तव्य नेमके कोठे असते हे ठाऊक नसल्यामुळे, आणि आपल्या 'साहाय्य' नामक देवडीवर बसविलेला यांत्रिक कारभारी कोणत्याही अर्जदारास त्याचाच प्रश्न अधिक नम्र शब्दांत परत करण्यापलीकडे काही करीत नसल्यामुळे, ही कैफियत बंद पाकिटातून न पाठविता चव्हाट्यावर मांडीत आहे, याबद्दल क्षमा असावी. कैफियत म्हटली तरी तिचा प्रारंभ कृतज्ञतेनेच होणे उचित. कारण आम्हा मध्यमवर्गीयांच्या रिकाम्या संध्याकाळींना आपण जो उद्योग लावून दिलात, तो कोणत्याही वाचनालयाला किंवा भजनी मंडळाला आजवर लावता आला नव्हता.

१९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर कित्येक दशके देशात विमानाने जाऊ इच्छिणारा मनुष्य इंडियन एअरलाइन्सच्या खिडकीशी उभा राही, पलीकडचा कारकून सांगेल ती रक्कम मुकाट्याने मोजी आणि घरी येई. रक्कम जबर असे, परंतु शेजारच्या आसनावरील गृहस्थानेही बहुधा तेवढीच मोजलेली आहे या जाणिवेत एक प्रकारचे समाधान असे. १९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा तो कायदा रद्द झाला, २००३ पासून कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने ज्यांनी विमान केवळ अंगणातून पाहिले होते त्यांना ते आतून दाखविले, आणि एक रुपयाच्या तिकिटाच्या वार्तेने साऱ्या देशाला असा चटका लावला की, तेव्हापासून आम्हाला मिळालेले प्रत्येक तिकीट महागच वाटत आले आहे. ते महाग किती, हे सांगण्यासाठी मग आपला अवतार झाला.

कोषागारात हयात घालवून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आहेत. हिशेबात एका पैशाचा फरक राहिला तर तो सापडेपर्यंत घरी न जाणाऱ्या पिढीतले ते गृहस्थ. त्यांची कन्या दिल्लीस असते, आणि दिवाळीला पुण्याहून तिकडे जावे असे त्यांच्या पत्नीच्या मनात श्रावणातच येते. त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर लाल कापडी बांधणीची एक लांबट वही उघडलेली असते. डावीकडे तारीख, मग वेळ, मग आपले व आपल्या भाऊबंदांचे भाव, आणि अगदी उजव्या रकान्यात, सरकारी वळणाच्या अक्षरांत, शेरा: 'सामान वगळून', 'पहाटे ४.१०, रिक्षा मिळणे दुरापास्त', 'हैदराबादेत साडेपाच तास', 'काल होते, आज नाही'. कुणीतरी सांगितल्यावरून ते मंगळवारच्या मध्यरात्री उठून पाहतात. ओळख लपविणारी ती खाजगी खिडकी उघडून पाहतात. मग जावयाच्या मोबाइलवरही पाहायला लावतात, कारण आपण त्यांना ओळखता आणि त्यांची निकड हेरून भाव चढविता, असा त्यांचा वहीम आहे.

या वहिमाला पुरावा नाही, हे आपल्या बाजूने मीच सांगून टाकतो. वस्तुस्थिती अधिक रुक्ष आहे. एकाच विमानातील एकाच दर्जाच्या आसनांचे कंपनी निरनिराळ्या अक्षरांनी ओळखले जाणारे अनेक वर्ग पाडते, प्रत्येक वर्गाला आसनांचा कोटा व स्वतंत्र भाव ठरवून देते, आणि खालचा कोटा संपला की वरचा उघडते. शिवाय आपल्या यादीत झळकणारा आकडा पुष्कळदा मघाच कधीतरी साठवून ठेवलेला, म्हणजे शिळा असतो, आणि त्याला बोट लावले की ताजा भाव समोर येतो. चौघांच्या कुटुंबाने चार तिकिटे एकदम मागितली आणि स्वस्त वर्गात तीनच उरली असली, तर पुष्कळ ठिकाणी चारही तिकिटे वरच्या भावाने आकारली जातात. तीन आणि एक अशी विभागून मागितली तर तिघांचे पैसे वाचतात. एवढी साधी मसलत आपण आम्हाला कधी दिल्याचे स्मरत नाही. आपण आमचे मुखत्यार ना?

तिकीट निघाल्यावर वही मिटेल, अशी आमच्या वहिनींची भाबडी समजूत होती. आता आमचे स्नेही रोज सकाळी त्याच विमानाचा भाव पुन्हा पाहतात. चढला असेल तर चहा गोड लागतो, उतरला असेल तर दुपारपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

आपल्या कुळाचा इतिहास मी अगत्याने वाचला. ज्या १९५३ साली आमच्याकडे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच वर्षी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएम कंपनीचे विक्रेते ब्लेअर स्मिथ हे दोन आडनावबंधू शेजारी आले, आणि त्या संभाषणाच्या बीजातून 'सेबर' ही आरक्षणाची यंत्रणा उगवली. सत्तरीच्या दशकात तिचे पडदे तिकीट विकणाऱ्या दलालांच्या मेजांवर जाऊन बसले. दलाल घाईत असतो आणि पडद्यावरच्या वरच्या ओळीच तेवढ्या वाचतो, हे मानवी स्वभावाचे मर्म मालकांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही; मालकाची उड्डाणे वर आणि इतरांची खाली असा तो बेमालूम बंदोबस्त १९८४ मध्ये तेथील सिव्हिल एरॉनॉटिक्स बोर्डाने नियम करून मोडून काढला. आपल्या यादीच्या माथ्यावर 'शिफारस केलेले' अशी जी हिरवी पट्टी असते, आणि भावानुसार क्रम लावा म्हणून हुकूम केल्याखेरीज जी खाली उतरत नाही, तिची वंशावळ मला तेथपर्यंत मागे नेता येते. शिफारस कोणाची आणि कोणाकडे, एवढेच त्या पट्टीवर लिहिलेले नसते. आमचे वकीलपत्र घेऊन आपण प्रतिपक्षाकडूनही मेहनताना स्वीकारता, हे कोणत्याही तालुक्याच्या बारमध्ये खपले नसते.

स्वस्ततम भाडे आपल्यालाही ठाऊक नसते, ही गोष्ट मात्र मी आपल्या विरोधात वापरणार नाही. आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीतील संगणकशास्त्रज्ञ कार्ल डी मार्केन यांनी दाखवून दिले आहे की, भाड्यांना चिकटविलेल्या अटी व अपवाद यांचे जंजाळ असे आहे की, सर्वसामान्य रूपात मांडल्यास स्वस्ततम तिकीट शोधण्याचा प्रश्न कोणत्याही संगणकाला हमखास सोडविता येणार नाही अशा कोटीत जातो. तीच कंपनी २०११ मध्ये गूगलने ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी विमानभाड्याचा आपला शोध सुरू केला. जे सिद्धान्ततः सापडेलच असे नाही, त्याची 'हमी' देणारे फलक लावण्याचे धैर्य मात्र खास आपल्या व्यवसायाचे.

सापडलेले स्वस्त भाडे कोठे नेऊन सोडते, हा आणखी एक नाजूक विषय. २०२३ च्या जानेवारीपासून गोव्याला दोन विमानतळ झाले, आणि मडगावच्या लग्नाला निघालेला पाहुणा आपल्या कृपेने काहीशे रुपये वाचवून पेडणे तालुक्यात मोपाला उतरतो व वाचलेले पैसे, त्यांत थोडी भर घालून, टॅक्सीवाल्याच्या हाती ठेवतो. सावंतवाडीकर तेवढे आपल्याला दुवा देतात. २०२५ च्या नाताळापासून नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाल्याने आता बोरिवलीकरांनाही हीच संधी प्राप्त झाली आहे.

आणि आकड्याविषयी काय लिहावे? 'आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या' असे बैठकीत सांगणाऱ्या वरपक्षाने साखरपुड्याला अंगठी, सीमांतपूजनाला पोशाख आणि पंगतीत विहिणीचा रुसवा काढावा, तशी आपली रक्कम पानागणिक मोठी होत जाते. पहिल्या पानावर मुलगी आणि नारळ, दुसऱ्यावर खिडकीचे आसन, आणि खिडकी नको असेल तर पत्नीशेजारी बसण्याची स्वतंत्र आकारणी, मग उपमा, मग सात किलोंचे हातसामान आणि पंधरा किलोंचे जड सामान यांच्या सीमारेषेवर घुटमळणाऱ्या चिवड्याच्या डब्याची जकात, आणि अखेरीस, ज्या कामी आम्हीच टंकलेखन केले, आम्हीच जन्मतारखा तपासल्या आणि आम्हीच छापून घेतले, त्या कामाबद्दल 'सुविधा शुल्क'. सरकारनेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकविणाऱ्या अशा तेरा युक्त्यांची फेरिस्त मार्गदर्शक तत्त्वांत जाहीर केली. तीत कृत्रिम घाई आहे, गुपचूप टोपलीत टाकलेली वस्तू आहे, ठिबकत वाढणारी किंमत आहे. आणि विमा न घेणाऱ्या तिकीटदाराकडून 'मी असुरक्षित राहीन' असे वदवून त्याला लाजविण्याचा प्रकार तर उदाहरणादाखल नोंदला आहे. एखाद्या व्यवसायाच्या शैलीची राजपत्राने एवढी बारकाईने दखल घ्यावी, हे भाग्य थोड्यांचेच.

विनोद येथे थोडा बाजूला ठेवतो. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने बराच आधी खरेदी करण्याच्या अटीवर काही आसने अत्यल्प भावात काढली आणि उरलेली चढ्या भावासाठी राखली; तिच्याशी झुंजणारी पीपल एक्सप्रेस ही स्वस्त भाड्याची कंपनी दोन वर्षांच्या आत विकली गेली. त्या डावपेचाचे तत्त्व असे की, सहलीचा मनुष्य थांबू शकतो आणि कामाचा मनुष्य थांबू शकत नाही, सबब थांबू न शकणाऱ्याकडून अधिक घ्यावे. कामाच्या माणसाचे भाडे बहुधा त्याची कंपनी भरते, म्हणून हे चालूनही जाते. पण उद्याची तारीख टाकणारा प्रत्येक जण बैठकीला निघालेला नसतो. नागपूरला वडिलांना दवाखान्यात हलविल्याचा फोन आलेला मुलगा रात्री अकरा वाजता हीच तारीख टाकतो, आणि त्याच्या पुढ्यात आपण त्या दिवसाचा सर्वांत चढा आकडा ठेवून खाली लिहिता: 'लवकर करा, याच भावात फक्त २ आसने शिल्लक.' महासाथीच्या काळात, २५ मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ च्या अखेरीपर्यंत, सरकारने देशातील भाड्यांना वरची मर्यादा घातली होती. त्यासोबत खालचीही घातली, म्हणजे त्या काळात फार स्वस्त विकणे हाही गुन्हा ठरला, ही आपल्या प्रशासनाची समदृष्टी. वरची मर्यादा तेवढी निकडीच्या प्रवाशापुरती तरी राहती, तर त्याला महासाथीची वाट पाहावी लागली नसती.

तरी आपल्या चरणी दरखास्त अशी की, यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर, आमच्याकडून घ्यावयाची अखेरची रक्कम जशी लिहिता येईल, तशीच त्या ओळीपायी आपणास पलीकडून मिळणारी दलालीही एका बारीक रकान्यात लिहावी. आमचे स्नेही तो रकाना वहीत आखून तयार आहेत. शाईही तांबडी घेऊन ठेवली आहे. आपणास एवढा खर्च परवडत नसल्यास त्याचेही सुविधा शुल्क लावावे, आम्ही भरू.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
प्रौढ १, बालक ०, तान्हे मूल ०