दात दुखूलालाय का?

आमच्या धाराशिवकडं डॉक्टरला 'डाक्टर' आणि कॉलेजला 'कालेज' म्हणतात. डाक्टर म्हटल्यानं कुणाचा ताप उतरायचा राहिला, असं मी तरी ऐकलेलं नाही. हेच एक दुखणं आहे, हे मला पुण्यात नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं. 'व्हेरी वेल'मधले दोन्ही व मी सारखेच काढतो, असा शोध तिथल्या ट्रेनरबाईंनी लावला. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. मी तोवर एकाच 'व'वर संसार भागवला होता.

सुट्टीत घरी आलो आणि आरशासमोर सराव सुरू केला. दात ओठावर, व्ह, व्ह. मागून आई म्हणाली, "दात दुखूलालाय का रं?" आणि मिसळणाच्या डब्यातली लवंग आणून हातावर ठेवली. लवंग दाढेत धरून व्ह काढून बघा. जीभ बधिर होते, व्ह होता तिथंच राहतो.

घराण्यात हे नवीन नाही. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. 'खबर'मधला ख घशातून निघाला नाही म्हणून मास्तरांनी त्यांना बाकावर उभं केलं होतं. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली, ख सुटला. पुढं नातवाच्या मानगुटीवर व्ह बसला. आम्हाला एबीसीडी भेटली तीच मुळी पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आमची जीभ वळायची थांबली होती.

आणि गंमत अशी की, हसणारा गोरा कधीच नसतो. हसतो तो आपलाच, दोन वर्षं आधी मोंढ्यावरून पुण्याला आलेला. बरं, मराठी बोलून सुटका म्हणावी, तर 'पानी' मागितल्यावर आधी ण तपासतात, मग पेला पुढं करतात.

मालाला मात्र उच्चार कुणी विचारत नाही. आमच्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात त्याची नोंद आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांची वाट, तिथून गाड्या भरून कापड आणि मलमल भरूचच्या बंदरात येते. लिहिणारा ग्रीक व्यापारी. त्याची ग्रीकसुद्धा पंडिती नाही, बाजारातलीच. मलमल बघताना त्यानं विणकराच्या ओठांकडं पाहिलं नसावं.

परवा लंडनच्या साहेबांशी मीटिंग होती. त्यांनी गाव विचारलं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं (शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे), म्हणून मी ठणकावून सांगितलं, "धाराशिव." साहेबांनी तीनदा प्रयत्न केला. 'डॅरा'च्या पुढं गाडी जाईना. बारा माणसं ऐकत होती, कुणी हसलं नाही. ट्रेनरबाई तर म्हणाल्या, "ब्युटिफुल!"

ध त्यांना अजून जमलेला नाही. लवंग कुणी दिलेली नाही.